बिनवासाचं पाणी

वासवाली कुणाच्याही घरी गेली तरी पाण्याचा तांब्या आधी नाकाला लावायची, मग तोंडाला. म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलं. माहेर रोह्याचं, सासर आमच्या पेणच्या खाडीकाठचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा नवऱ्याने तिला उभी केली, नुसती सही करायला. ती सही करायला बसली, पण कागद वाचून.

पहिल्याच महिन्यात अडली. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर विहिरीत रोज टाकली, असं कागदावर होतं. ती विहिरीवर गेली, पोहरा काढून हुंगला आणि म्हणाली, "वास नाय. मंग सही पण नाय." त्या दिवसापासून डबा घेऊन स्वतः पावडर टाकू लागली.

गाव चिडलं. चहा औषधासारखा लागतो, पावडरीने सुना वांझ होतात, वाटेल ते बोलले. मी पंचायतीत सदस्य होते. मीही म्हटलं, "गो, त्या वासाने वकारी येते."

ती हसली. "काकी, वास आला तर बिनघोर पी. वास नाय आला, तर मातर घाबर."

आदल्या पावसाळ्यात गावात कावीळ आली होती. दोन गरोदर पोरी पेणच्या दवाखान्यात गेल्या, एकच परत आली. गाव विसरलं. ती विसरली नाही.

मग तिच्यावर अविश्वासाचा ठराव आला. ठराव आणणाऱ्या पुढाऱ्याने माझ्या मुलाला रस्त्यात विचारलं, "नागोठण्याला कंपनीत शिफ्ट बरी चाललीय ना?" एवढंच. मला कळलं. तहसीलदारापुढे मी हात वर केला. ती माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे.

नवऱ्याने तिला माहेरी धाडली. एसटीला जाताना माझ्या ओट्यावर आली. "काकी, हात वर केलास. आता नाक तरी उघडं ठेव." पावडरीचा डबा पायरीवर ठेवून गेली. तो केव्हाच संपला.

आताची सरपंचही बाईच आहे. नवरा बोट ठेवतो तिथे सही करते. कागदावर पावडर रोज पडते. मुलाची शिफ्ट चालू आहे.

सुनेला सातवा महिना. मी पाणी उकळून देते, पण ती बाहेर कुठे काय पिते, कोण बघतंय? काल तिचे डोळे पिवळट वाटले. उन्हात नेऊन पाहिले, तरी कळेना. उद्या पेणला नेणार आहे.

आज सकाळी हंडा आला तेव्हा वाकून हुंगला. पाणी गोड झालंय, असं सगळे म्हणतात. कसलाच वास आला नाही.