गढीची पांढरी माती

लग्न होऊन मी ज्या गावात आले, ते लोहाऱ्याकडचं चाळीस-पन्नास घरांचं खेडं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. एवढ्याशा गावाला काळ्या दगडाचं देऊळ, खोल पायऱ्यांची बारव आणि मातीची थोरली गढी. बाहेरचं कुणी आलं की मान वर करून बघत राही. आम्हा बायकांना त्याचं कसलं कौतुक? बारवेच्या पायऱ्या चढून गुडघे गेले आणि गढीची माती वाहून मान.

घरं सगळी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. वर पांढऱ्या मातीचा जाड थर नसला, तर पावसाळ्यात घरभर भांडी मांडून बसायचं. म्हणून दर वैशाखात बायकांनी गढीची पांढरी आणून माळवदावर पसरायची. गढीचे मालक हैदराबादला जाऊन राहिलेले. मागं उरला होता एक म्हातारा पहारेकरी. तो आणि त्याची बायको दरवाजाशेजारच्या खोलीत राहायची. त्या खोलीशिवाय दोघांना हक्काचं छप्पर नव्हतं. सगळं गाव त्यांना चाचा, चाची म्हणे. चाचांचा दंडक एकच होता. ढासळलेली माती खुशाल न्या, उभ्या भिंतीला हात लावू नका.

ढासळलेली बाजू पार मागं, उतारावर. त्या वर्षी मला दिवस गेलेले, सासूबाईंचा तगादा, आणि ऊन असं की पाय उचलवेना. मी चाचांच्या खोलीमागच्या उभ्या भिंतीचाच पायथा खुरप्यानं उकरला. चार पाट्या नेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. माझं बघून बाकीच्या बायकांनीही तिथंच बूड टेकलं. महिनाभरात भिंत खालून हातभर पोखरली गेली. कुणी कुणाला काही बोललं नाही.

श्रावणात आठवडाभर झड लागली. एका दुपारी ती भिंत खोलीवर बसली. चाचा नमाजाला गेलेले, चाची पाण्याला, म्हणून जीव वाचले. भांडी, गोधड्या, कपड्यांची पेटी, सगळं मातीखाली गेलं. सासऱ्यांनी दोघांना आमच्या घरी आणलं. आमचं माळवद टिपूसभर गळत नव्हतं. त्या कोरड्या घरात त्यांना जेवायला वाढताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तिसऱ्या दिवशी राहवेना. चाचा एकटेच जेवायला बसले होते, तेव्हा मी सांगून टाकलं, "चाचा, भिंत म्या उकरली. पहिली पाटी माझी."

ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय, बेटी. मागून खुरप्याचा आवाज यायचा. रोज वाटायचं, उठावं, रागवावं. पर पाय लई दुखायचे. म्हनलं, उद्या सांगू."

पाऊस उघडल्यावर दोघं जळकोटला लेकीच्या घरी गेली. जावयाच्या दारात राहायची वेळ येऊ नये, असं चाची कायम म्हणायच्या. निघताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

चूक माझीच, ती मी नाकारत नाही. पण राग येतो तो चाचांचा, अजून येतो. एकदा नुसते खेकसले असते, तर मी पाटी तिथंच टाकून घर गाठलं असतं. त्यांना उठवेना, मला चालवेना, एवढ्यावरून दोन माणसांचं घर गेलं.