ह्यांच्या खात्याचा पासवर्ड

पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन कॉम्प्युटर होते. हॉलमधला मोठा ह्यांचा आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायला घेतलेला लॅपटॉप माझा. दोन्ही वायफायवरून जोडून ह्यांनी एक सामायिक फोल्डर केला होता. त्याचं नाव ‘घर’. मोठ्या कॉम्प्युटरवर ह्यांचं, माझं आणि मुलीचं अशी तीन वेगळी खाती होती, पण सगळ्या किल्ल्या ह्यांच्याकडे. एकदा माझ्या हातून मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो उडाले, तेव्हापासून ‘घर’मधलं मला नुसतं बघता यायचं, पुसता यायचं नाही.

“स्वतःच्या घरात मला परवानगी लागते होय?” मी चिडून म्हणाले होते.

“अगं, मी आहे ना. काय हवं ते सांग, मी काढून देतो.”

मग मी वर्षानुवर्षं सांगत राहिले आणि हे काढून देत राहिले. पासवर्ड विचारायचं कधी सुचलंच नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये डिझाइन करता करता ह्यांचा हात माऊसवरून घसरला आणि हे खुर्चीतच कलंडले. बरोबरच्यांनी तसंच उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. तीन आठवड्यांनी एकच शब्द परत आला, तो म्हणजे ‘व्हय’. हे मूळचे निघोज्याचे. शिकायला बाहेर पडले तेव्हा गावची बोली मागे ठेवून आले होते. आमच्या अख्ख्या संसारात तो शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या सासूबाई बोलायच्या तसा, अगदी तस्सा.

दुखतंय का? व्हय. बरं वाटतंय का? व्हय. पंखा बंद करू? व्हय. केला की कपाळावर आठ्या.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी विचारलं, “ह्यांचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? घरातलं साधं बोलणं चालेल. ऐकवून बघू. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात.”

होता ना! मुलगी लहान असताना हे तिच्याशी गप्पा मारत बसायचे आणि ते सगळं टिपून ठेवायचे. पण त्या फाइली ‘घर’मध्ये नव्हत्या, ह्यांच्या स्वतःच्या खात्यात होत्या. तिथे मला प्रवेशच नव्हता.

मी ह्यांच्याजवळ बसले. “पासवर्डमध्ये मुलीचं नाव आहे का?”

“व्हय.”

घालून पाहिलं. नाही उघडलं.

“गावाचं नाव?”

“व्हय.”

“माझं?”

“व्हय,” म्हणाले आणि ह्यांचे डोळे भरून आले. माझं नाव चार तऱ्हांनी घातलं. तेही नव्हतं.

मुलगी परदेशात असते. ती फोनवर म्हणाली, “आई, मी दिवाळीत येते, तोवर हात लावू नकोस.” मला दिवाळी फार लांब वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाहून आधीच बजावलं, “ताई, पासवर्ड मी बदलून देतो, खातं उघडेल. पण साहेबांनी आतल्या फाइलींना त्याच पासवर्डचं कुलूप लावलं असेल तर मी तो बदलल्यावर त्या उघडायच्या नाहीत. साहेबांना विचारा एकदा.”

मी वळून विचारलं, “अहो, करू का?”

“व्हय.”

त्या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी मी त्याला म्हणाले, “करा.”

खातं उघडलं. फाइलींची नावं दिसू लागली. नीट नावं देण्याची ह्यांची सवयच होती. ‘चांदोबा कुठे झोपतो’. ‘शाळेत जायचं नाही’. ‘आईला सांगू नको’. एकही वाजली नाही. दुरुस्तीवाला खाली बघत म्हणाला, “जुना पासवर्ड आठवला तर अजून काही होऊ शकेल.”

त्या दिवसापासून रोज दुपारी मी कीबोर्ड ह्यांच्या मांडीवर ठेवायची. डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरायचं, थांबायचं, एखादं दाबायचं. काय दाबलं ते मी वहीत लिहून घ्यायची आणि तसंच घालून बघायची. महिनाभर असं चाललं. एका दुपारी ह्यांनी कीबोर्ड जोरात ढकलून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मीही थांबले. पुढे बाईंचं येणंही बंद झालं.

दिवाळीत मुलगी आली. दोन दिवस त्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिसऱ्या दिवशी तिने तो बंद केला.

“बाबांना विचारलं होतंस?”

“विचारलं होतं.”

मी तिला ‘आईला सांगू नको’बद्दल विचारलं, “काय होतं गं त्यात?”

तिने खूप आठवून पाहिलं. “मी पाच-सहा वर्षांची असेन, आई. मला नाही आठवत.”

ह्यांना आठवत असेल. हे समोरच बसले होते, आम्हा दोघींकडे बघत.