चुकीच्या वाढदिवसाचा फोन

दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस एका ठरावीक सकाळी, बरोबर सात वाजता, आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या माझ्या घरचा फोन वाजायचा. उचलला की पलीकडून आधी खाकरण्याचा आवाज यायचा आणि मग एकच वाक्य... "इंदू, चुकीच्या वाढदिवसाचा आशीर्वाद." यंदाही त्या सकाळी सातलाच फोन वाजला. कणकेचे हात पदराला पुसत मी तो उचलला आणि सवयीनं म्हणाले, "बोला गुरुजी." पलीकडे कुणी खाकरलं नाही. गुरुजींचा मुलगा होता. "इंदूताई, बाबा गेले... पाचाच्या सुमाराले. मायनं सांगतलं, पयला फोन तुलेच कर. आज तुहा दिवस हाय म्हने."  कणीक दुपारपर्यंत परातीत तशीच वाळत पडली होती.

हा चुकीचा वाढदिवस काय प्रकार आहे ते सांगायचं, तर दादाराव गुरुजींबद्दल सगळंच सांगावं लागेल. आदिलाबाद जिल्ह्यात, वांकिडीच्या पुढं, महाराष्ट्राच्या शिवेला खेटून आमचं गाव. कापूस, ज्वारी आणि दोन खोल्यांची मराठी शाळा. राज्य आंध्राचं, हुकूम तेलुगूत यायचे, पटवाऱ्याचे कागद उर्दूच्या वळणाचे आणि भांडणं आमच्या मराठीत. अशा गावात गुरुजी बदली होऊन आले ते पस्तिशीत, आणि आले ते गेलेच नाहीत. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे शाळेचं हजेरीबुक चाळलं. चाळता चाळता हसू लागले. गावातल्या सगळ्या मुलांचा जन्म एक जूनचा होता. आधीच्या मास्तरांना तारखा विचारत बसायचा कंटाळा, म्हणून ज्याचं नाव घातलं त्याला एक जून. बरं, एक जूनला शाळेला सुट्टी. म्हणजे अख्ख्या गावाचा वाढदिवस कुलूपबंद खोलीत साजरा होणार.

गुरुजींना हे मान्य होण्यासारखं नव्हतं, कारण दिवस हा त्यांचा जीव की प्राण. रोज सकाळी प्रार्थनेआधी ते फळ्यावर दिनविशेष लिहायचे. चार ओळी, ना कमी ना जास्त. वरच्या तीन ओळींत जग असायचं, कुठला देश स्वतंत्र झाला, कुणाचा जन्म, कशाचा शोध. चौथी ओळ आमच्या गावाची. दोन ऑक्टोबरला गांधीजी आणि शास्त्रीजी, त्यांच्या पंक्तीला आणखी कुणी, आणि खाली, 'आजच्या दिवशी गावाच्या जुन्या विहिरीला पाणी लागलं.' म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून त्यांनी हे जमवलं होतं. एक जाड वही होती त्यांच्याकडे, एका दिवसाला एक पान. एकदा वहीत गेलेली ओळ दरवर्षी त्या दिवशी फळ्यावर यायची. वर्गातल्या एकानं विचारलंसुद्धा, "गुरुजी, इहिरीची गोष्ट गांदीजीच्या संगं काऊन लिवली?" गुरुजी म्हणाले, "दिवस कोणाच्या बापाचा नाई बाबू. जो पयला आला त्याचा बी आन् जो मागून आला त्याचा बी."

या चौथ्या ओळीनं एकदा त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. एक नोव्हेंबरला शाळातपासणीला साहेब आले, गुंटूरकडचे. फळ्यावर पहिली ओळ होती आंध्र प्रदेश राज्य झाल्याची, दुसरी केरळची, तिसरी म्हैसूरची. साहेबांनी चौथीवर छडी ठेवली. "इदेमिटि मास्टारू?" हे काय मास्तर, असं विचारत होते. गुरुजींनी सरळ हिंदीत अर्थ सांगितला. ओळ अशी होती : 'याच दिवशी राजुऱ्याकडे दिलेल्या आपल्या गावच्या लेकी एका रात्रीत परराज्यात गेल्या.' राजुरा तालुका त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातून तोडून मुंबई राज्यात घातला होता. साहेब छडी ठेवून खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "हमारी भी एक बहन मद्रास की तरफ रह गई." गुरुजींनी लगेच वही उघडून विचारून घेतलं. पुढच्या एक ऑक्टोबरला, मद्रासपासून आंध्र वेगळं झालं त्या दिवशी, आमच्या फळ्यावरची चौथी ओळ साहेबांच्या बहिणीची होती. ती बाई आमच्या गावच्या फळ्यावर अजून येते.

तर एक जूनचा निकाल लावायला गुरुजी घरोघर फिरू लागले. आयांना तारीख कुठली ठाऊक असायला? त्या सांगायच्या, पेरणी उलटली त्या साली, शिवरात्रीच्या यात्रेत, म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी पंचांग काढून त्या म्हशीचीही तारीख लावायचे. मग ज्याचा दिवस सापडला त्याचं नाव चौथ्या ओळीत. नाव आलेला पोरगा त्या दिवशी वर्गात पाटलासारखा बसायचा. एकेक करून सगळ्यांचे दिवस आले. माझा येईना. घरी आत्याला विचारलं की ती चुलीत लाकडं सारायला लागायची. माझी आई मी तान्ही असतानाच गेली एवढंच मला माहीत होतं. कधी, कशी, हे घरात कुणी बोलत नसे. आणि शेजारची एक बाई मात्र मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आईले खाऊन आली हे." मी आठ वर्षांची होते. खाऊन येणं म्हणजे काय ते मला नीट कळत नव्हतं, पण आपण काहीतरी फार मोठा गुन्हा केलाय आणि म्हणूनच आपला दिवस फळ्यावर येत नाही, एवढं मी मनाशी धरून चालले होते. एकदा सगळी मुलं गेल्यावर मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, माहा दिवस कवा येते?" ते म्हणाले, "येते. मी आनतो."

ते आत्याकडे गेले, तिनं दार लावून घेतलं. वडिलांना शेतात गाठलं, ते औत सोडून निघून गेले. मग गुरुजी पोलीस पाटलाच्या घरी गेले. तिथं मौत-पैदाइशची, म्हणजे जन्ममृत्यूची, जुनी वही होती. पैदाइशीच्या पानांत मी नव्हतेच. मुलगी झाली ते कळवायला त्या दिवशी घरातून कोण जाणार होतं... मौतीच्या पानात आई होती. पाटील तारखेच्या भानगडीत पडत नसत, सण लिहायचे. नोंद होती ती अशी : फसली साल अमुक, पोळ्याचा दुसरा दिवस, रोज जुमा, गिरजाबाई, बाळंतपणात मयत. म्हणजे तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात तो दिवस. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच दिवशी आत्या दरवर्षी मला दारात जाऊ देत नसे, आणि वडील दिवेलागणीपर्यंत घरी येत नसत. माझा दिवस सगळ्यांना पाठ होता, सांगायची हिंमत कुणाला नव्हती.

फसली हे महसुली साल जुलैत सुरू होतं; त्याचं इंग्रजी साल करायला पाचशे नव्वद मिळवावे लागतात, आणि महिना जानेवारी ते जूनमधला असेल तर पाचशे एक्याण्णव. आमच्याकडे कचेरीतले मुरलेले कारकूनही इथं घसरतात. गुरुजीही घसरले. त्यांनी एक्याण्णव मिळवले, एक वर्ष पुढचं पंचांग काढलं, आणि तान्ह्या पोळ्याची तारीख मिळाली ती अकरा दिवस अलीकडची. त्या तारखेला फळ्यावर चौथी ओळ आली. 'आजच्या दिवशी इंदूचा जन्म झाला.' बस्स, एवढीच. आई नाही, मरण नाही, फक्त मी. त्या दिवशी मी वर्गात कशी बसले होते ते मला आजही आठवतं. पाय जमिनीला टेकत नव्हते.

अकरा दिवसांनी शाळेत गेले, तर गुरुजी हातात खडू घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन उभे. प्रार्थना झाल्यावर म्हणाले, "पोरंहो, माह्यानं चूक झाली." पाटलाच्या वहीत जुमा लिहिलेला, म्हणजे शुक्रवार, आणि त्यांनी काढलेल्या तारखेला निघाला भलताच वार. ते आधी नजरेतून सुटलं होतं; ध्यानात आल्यावर पुन्हा हिशेब केला, तेव्हा एका सालाचा फरक सापडला. हे सगळं त्यांनी आमच्यासमोर फळ्यावर मांडून दाखवलं, बेरजेसकट. मास्तर चुकतो हे आम्हाला माहीत होतं, पण मास्तर ते सांगतो हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. मला मात्र रडू फुटलं. मला तो आधीचाच दिवस हवा होता. खऱ्या दिवसात आईचं मरण होतं, आणि फळ्यावर जागा एकाच ओळीची. आता गुरुजी सगळ्यांसमोर लिहिणार की माझ्यामुळे...

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहिलं, 'आजच्या दिवशी गिरजाबाईनं आपली लेक गावाला दिली आणि मग ती गेली.' मागं वळून मला म्हणाले, "वाच." मी वाचलं. "आजून एकदा वाच, मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. तेवढ्या एका वाक्यानं माझ्यावरचा आळ गेला, असं मी आज शांतपणे म्हणू शकते. आईनं मला दिलं होतं, मी काही घेतलं नव्हतं. दुपारी ही बातमी आत्यापर्यंत पोचली. तिला अक्षर येत नव्हतं. ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय लिवलं हाय थे मले वाचून दाखव." मी तिसऱ्यांदा वाचलं. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. पण पुढच्या तान्ह्या पोळ्याला तिनं कुणाकडून तरी लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या निर्मलहून बैल मागवला, रंगवलेला, आणि माझ्या हातात दोरी देऊन मला दारातून बाहेर ढकललं.

चुकीचा दिवस मात्र मी सोडला नाही. गुरुजींना तसं सांगितलंही. त्यांनी वहीत त्या पानावरची ओळ खोडली होती, शेजारी लाल शाईनं 'चूक' असं लिहिलं होतं. म्हणाले, "वहीत नाई ठेवता येत. पन आपल्या दोघांत ठेवू." मी शिकायला आदिलाबादला आले तेव्हापासून त्या तारखेला त्यांचं पोस्टकार्ड यायला लागलं, बहुतेक वेळा दोन दिवस उशिरा, म्हणजे चुकीचा दिवसही चुकीच्या दिवशी. पुढे गावात फोन आला आणि सात वाजताची वेळ ठरली. मी सिस्टर झाले, गेली कित्येक वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात आहे. बाळ झालं की तारीख आणि वेळ मी स्वतः लिहिते, तेलुगूत लिहिते, आणि लिहून झाल्यावर घड्याळाकडे पुन्हा एकदा बघते. नव्या मुली हसतात. हसू देत.

गुरुजींची एक गोष्ट राहिली. त्यांचा स्वतःचा जन्मही कागदावर एक जूनचाच. आम्ही मोठे झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, "तुमचा खरा दिवस काढला नाई का?" ते म्हणाले, "सांगनारं कोनी राह्यलं नाई." आईवडील लहानपणीच गेलेले, गाव सुटलेलं. सगळ्यांचे दिवस शोधून देणाऱ्या माणसाला स्वतःचा दिवस नव्हता, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतंय असं मी कधी पाहिलं नाही. मला मात्र वाटायचं.

तेराव्यासाठी मी आदल्या दिवशीच गावी पोचले. तो माझा खरा दिवस होता, हे बसमधून उतरल्यावर ध्यानात आलं. शाळेवरून जाताना आत डोकावले. गुरुजी निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली, पण मास्तरीणबाई त्यांच्याच वहीवरून चार ओळी लिहितात. चौथी ओळ तीच होती, गिरजाबाईची. एक मुलगी ती पाटीवर उतरवून घेत होती. मी कोण, ते तिला काय ठाऊक.

घरी गुरुजींच्या पत्नी, आम्ही त्यांना माय म्हणतो, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ती जाड वही माझ्यापुढं ठेवली. "ते गेले त्या दिसाचं पान काढ," म्हणाल्या. मी काढलं. वर जगाच्या तीन ओळी. खाली माझी खोडलेली ओळ, शेजारी लाल शाईतली 'चूक', आणि त्याच्या खाली, नंतर कधीतरी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात... 'तरी फोन करणे.' योगायोगाचं कौतुक गुरुजींना नसायचं. दिवस तीनशे पासष्ट आणि माणसं इतकी, कुठंतरी गाठ पडणारच, असं ते म्हणाले असते. मीही तसंच म्हणते. पण त्या पानावरची चौथी ओळ इतकी वर्षं मोकळी होती, हे काही खोटं नाही. मायनं पेन दिला. मी लिहिलं, 'हा दिवस दादाराव गुरुजींचा.' जन्माचा की मरणाचा, ते लिहिलं नाही. माझी खोडलेली ओळ तशीच राहू दिली.

मायनं वही मिटली, मांडीवर ठेवली आणि त्या तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या साली सात वाजता मी जागीच असतो. फोन तू करजो आता."