तांबड्या मिलोची भाकरी

माझ्या संशयानं एका माणसाला अंथरूण धरायला लावलं. बहात्तरच्या दुष्काळात विट्याकडं खडी फोडायच्या कामावर मी मुकादम होतो. मजुरांना दुपारी गव्हाची सुकडी मिळायची. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीला सगळे शिव्या घालत. तो मजूर मात्र एकटाच मिलोची भाकरी चवीनं खायचा आणि सुकडी फडक्यात बांधून न्यायचा. हा ती विकतो, अशी माझी खात्रीच झाली.

एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आज हितंच खायची. माझ्यासमोर."

"आवं मुकादम, गहू माझ्या आतड्याला सोसत न्हाई. मिरजेच्या डाक्टरनं कायमचा बंद केलाय. ही पोरीला नेतोय."

"गव्हानं कोण आजारी पडतंय व्हय रं? खा, न्हाईतर उद्यापासनं काम बंद!"

सगळे हसले. त्यानं सुकडी खाल्ली, फडकं झटकलं आणि त्याची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासनं तो कामावर दिसेना. ढोंग करतोय, असं वाटून मी त्याच्या घरी गेलो. तो अंथरुणातच भिंतीला टेकून बसला होता. जुलाबानं गालफडं बसली होती. तरी म्हणाला, "बसा. काम हाय न्हवं माझं?"

मी घरी जाऊन आमच्यातलं मिलोचं पीठ आणलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणालो, "काम हाय. चुकलं माझं, गड्या."