दुधाचा पेन

पितांबर नानांना कुणी मोबाइलवर जुन्या पेनाचा फोटो दाखवला, की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "फोटोला वास येतो का?"

समोरचा हसायचा. नाना हसत नसत. पेन हातात घेतल्याशिवाय आणि नाकाशी धरल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

धुळ्यात आग्रा रोडवरून आत गेलेल्या एका बोळात त्यांचं पेन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे सहा फुटांची फळी, फळीमागे नाना आणि पुढे एक स्टूल. निवृत्त झाल्यापासून त्या स्टुलावर मी बसतो. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो, नकाशे शाईने उतरवून काढायचो. निब आणि शाई यांच्यातच नोकरी गेली, त्यामुळे दुसरीकडे कुठे जाऊन बसावं हे सुचलं नाही. लिहायची मला सवय नाही. नानांबद्दल लिहितो आहे ते नीट उतरेल की नाही, सांगता येत नाही.

नाना मूळचे दोंडाईचाचे. काम शिकले धुळ्यातल्याच एका कारागिराकडे. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्याचा उल्लेख अजून 'उस्ताद' असाच करतात. पेन ओळखायची रीत उस्तादांचीच. पेन मांडीवर, पॅन्टच्या कापडावर दहा-बारा वेळा जोरात घासायचा आणि गरम झाला की लगेच हुंगायचा. एबोनाइटला, म्हणजे कडक रबराला, गंधकाचा वास येतो. सेल्युलॉइडला, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकला, कापराचा. मग टोपण किती फेऱ्यांत उघडतं ते मोजायचं, निबखालची जीभ पाहायची. नाशिकहून, पुण्याहून शौकीन लोक यायचे, एकसारखे दिसणारे दोन काळे पेन पुढे ठेवायचे. नाना त्यातला एक बाजूला करत आणि म्हणत, "हा पहिल्या वर्षाचा. तो दुसरा घरी लिहायला ठेवा."

पेन हुंगून झाला की ते तो माझ्याकडे देत. का देत, ते कधी विचारलं नाही. मी हुंगायचो, मान हलवायचो आणि परत द्यायचो.

उस्तादांनी त्यांना एका पेनाबद्दल सांगून ठेवलं होतं. हिरवा-करडा, संगमरवरासारख्या रेषांचा विलायती पेन. कंपनीचं नाव नाना कोणाला सांगत नसत, लोक नकला करतात म्हणून. हा पेन कंपनीने हजारोंनी काढला, सगळा सेल्युलॉइडचा. पण सुरुवातीला थोडे दिवस तोच पेन दुधापासून केलेल्या मालात निघाला होता. दूध नासवून, त्याचा चोथा दाबून, घट्ट करून तो माल बनतो. दिसायला दोन्ही एकच. रंग तोच, क्लिप तीच, कोरलेली अक्षरं तीच. फरक एवढाच, की घासल्यावर एकाला कापराचा वास येतो आणि दुसऱ्याला करपलेल्या दुधाचा. आणि दुधाच्या पेनाला पाणी चालत नाही. सेल्युलॉइडचा पेन पाण्यात भिजत ठेवला तरी काही होत नाही, दुधाचा फुगतो आणि संपतो. नानांनी तो सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, दोंडाईचाला, एका जिनिंगवाल्याकडे.

"परत दिसला तर ओळखाल?" मी एकदा विचारलं होतं.

"डोळे बांधा माझे," नाना म्हणाले होते.

गेल्या हिवाळ्यात एक बाई आल्या. प्रज्ञाताई, जळगावला नर्स आहेत. पर्समधून रुमालाची घडी काढली, ती उलगडली. आत हिरवा-करडा पेन होता.

"आमच्या आबांचा आहे," त्या म्हणाल्या. "ते पिंपळनेरला असतात. शिक्षक होते. चिंधा मास्तर म्हणून सगळा साक्री तालुका ओळखायचा. आता अंथरुणावर आहेत. वाचा गेली होती, ती थोडी परत आली. तेव्हापासून एकच चाललंय, माझा पेन आणा. आणून दिला तर उघडेना. आत शाई सुकून दगड झालीय. आबा रागावले माझ्यावर."

"रागावायला येतं म्हणजे बरे आहेत," नाना म्हणाले.

त्या हसल्या. "गावातले अर्ज, पत्रं, लग्नाच्या याद्या, सगळं याच पेनाने लिहिलंय त्यांनी. एकदा लिहिता झाला की बास. फार दिवस नाहीत, नाना."

नानांनी पेन मांडीवर घासला. नाकाशी धरला. क्षणभरही थांबले नाहीत.

"कापूर. सेल्युलॉइड आहे. रात्रभर पाण्यात ठेवतो, शाई सुटेल. उद्या दुपारी या."

नेहमीप्रमाणे पेन माझ्या हातात आला. मी हुंगला. कापूर नव्हता. दूध उतू जाऊन शेगडीवर पडल्यावर जसा येतो, तसा काहीतरी बारीक वास होता. मी पुन्हा नाक नेलं. मग वाटलं, मला सर्दी आहे, आणि या माणसाला पेन ओळखताना चुकलेलं मी कधी पाहिलेलं नाही. मी मान हलवली आणि पेन परत दिला.

त्या गेल्यावर थोड्याच वेळात इंदिराबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या. डबा फळीवर ठेवून मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा यासले. काल दाय करपनी. बठ्ठा घरमा धूर. आनि या बाजूलेच बठीसन पेपर वाची राहिंतात."

"मी पेपर वाचाले बठेल व्हतू," नाना म्हणाले, "दाय राखाले नही."

डाळ करपून घरभर धूर आणि हा माणूस बाजूलाच पेपर वाचत बसलेला, म्हणून मी हसलो. हसण्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. समोर स्टीलच्या वाटीत पेन बुडालेला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला मी गेलो तेव्हा नानांनी दुकान उघडलेलं होतं, पण दिवा लावलेला नव्हता. वाटी मांडीवर घेऊन ते बसले होते. पेन भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता. रंगावर पांढुरकी साय आली होती. त्यांनी अंगठ्याचं नख हळूच टेकवलं, तर खूण उमटली.

मी स्टूल ओढून जवळ बसलो.

"भाऊ, काल तुम्हाला कसला वास आला होता?"

"दुधासारखा काहीतरी."

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही कापूर म्हणालात."

नानांनी वाटीतलं पाणी बोळात ओतलं. पेन कापडावर ठेवला. "कोरोनात माझं नाक गेलं," ते म्हणाले. "येईल येईल म्हणत चार वर्षं झाली. काहीच येत नाही. शेण नाही, अत्तर नाही. घरी पण सांगितलं नाही."

"मग कापूर कसं म्हणालात?"

"या रंगाचे शंभर पेन आले तर शंभर कापराचेच असतात. अजून चुकलो नव्हतो." मग म्हणाले, "तुमच्याकडे देत होतो ना पेन. तुम्ही मान हलवत होता."

 चार वर्षं ते माझ्या मानेवर चालले होते आणि मी त्यांच्या नाकावर.

पेन वाळत गेला तशा त्याला बारीक चिरा पडू लागल्या. दुपारी प्रज्ञाताई आल्या. नानांनी काही लपवलं नाही. चूक माझी, एवढंच दोनदा म्हणाले. त्या फळीला हात टेकून उभ्या राहिल्या. मी स्टुलावरून उठलो, तर बसल्या नाहीत.

"दुरुस्त नाही होणार?"

"नाही ताई."

"आबांना काय सांगू?"

नानांनी पेनाखालचं कापड सरळ केलं. मग प्रज्ञाताईंनीच विचारलं, "असा दुसरा मिळेल का कुठे?"

नानांकडे होता. हिरवा-करडा, तीच क्लिप, तीच अक्षरं, कापराचा. पत्र्याच्या डब्यात कितीतरी वर्षं पडून होता. आबांचा निब मात्र शाबूत निघाला. तो धुऊन नानांनी या पेनात बसवला, शाई भरली, कागदावर रेघ ओढली. रेघ सुंदर आली. आबांच्या पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या, आबांची लिहिताना चावायची सवय असावी. त्या खुणा या पेनावर नव्हत्या. नानांनी कानस उचलली, जरा वेळ धरली आणि परत ठेवली.

"नको," ते म्हणाले. "तेवढं नको करायला."

"त्यांना नीट दिसत नाही आता," प्रज्ञाताई म्हणाल्या. आमच्यापेक्षा स्वतःलाच सांगत असाव्यात. जुना पेन त्यांनी रुमालात बांधला, नवा पर्समध्ये ठेवला. नानांनी पैशाचं नावही काढू दिलं नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "येते."

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला, त्यांना तसंच ऐकू येतं.

"आबांनी हातात घेतला," त्या सांगत होत्या. "बोटांनी फिरवून पाहिला. निब ओठाला लावला. मी वही धरली, म्हटलं लिहा. त्यांनी पेन उशीजवळ ठेवला."

"मग?"

"मग म्हणाले, माझा पेन आणलास का?"

बोळातून एक रिक्षा गेली, तिच्या आवाजात पुढचं एक वाक्य बुडालं. त्यानंतर त्या म्हणाल्या, "रोज विचारतात. मी रोज म्हणते, उद्या आणते." आणि फोन बंद झाला.

नाना फळीवरच्या पक्कडी उगीच सरळ करत राहिले. नाशिकचं एक गिऱ्हाईक दुपारी दोन पेन घेऊन येणार होतं. त्याला येऊ नका म्हणून कळवायला त्यांनी मला सांगितलं. मी कळवलं.

मग म्हणाले, "नीट दिसत नाही, अंथरुणावर आहेत. कशावरून ओळखला असेल हो त्यांनी? वजन? की हाताला गार लागला? उस्तादांनी हे सांगितलं नव्हतं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्ही विचारा ना ताईंना. मला नाही जमणार."

नंबर समोरच होता. त्या बाईंना हे कसं विचारायचं, ते मला सुचेना. मी फोन तसाच हातात धरून बसलो आणि नाना माझ्याकडे बघत राहिले.