जयूमावशीचा ओव्हन

लहानपणी मी बाबांबरोबर टेंभी नाक्यावर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. नजर, भूतबाधा, अंगात येणं... सगळ्याला माझ्याकडे उत्तर असायचं. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटतेय. पण खोटं लिहिणार नाही.

गेल्या वर्षी मी आणि दादाने ठाकुर्ली स्टेशनजवळ पिझ्झाचं छोटं हॉटेल काढलं. दादाला सगळं नवीन हवं होतं.

"वॉरंटी मिळते. जुनं बिघडलं तर कोणाच्या नावाने घोषणा देणार, कॉम्रेड?"

मी अडून बसले. चांगली चालणारी वस्तू भंगारात टाकायची आणि नवी आणायची, हे मला पटत नाही. शेवटी पीठ मळायचं मशीन आणि फ्रीज नवा, ओव्हन जुना, असं ठरलं. 'प्रत्येक जुन्या वस्तूत कोणाचे तरी कष्ट असतात' — हे वाक्य मी उद्घाटनाच्या पत्रकावरही छापलं.

ओव्हन ओळखीतल्या, कोलशेतच्या जयूमावशीचा. तिने एकटीने पिझ्झाचं दुकान चालवलं, गुडघे गेले म्हणून बंद केलं. आमच्या मेकॅनिकने बर्नर, थर्मोस्टॅट, आतले दगड तपासले. सगळं ठणठणीत. टेम्पोत चढवताना मावशीने ओव्हनच्या दारावर तळहात टेकवला.

"मना बोलव हां पयल्या दिवशी. कुंकू लावीन न जाईन. खायला नको मना काय."

"नक्की बोलावते, मावशी."

नाही बोलावलं. उद्घाटनाला चळवळीतले मित्र येणार होते. त्यांच्यासमोर ओव्हनला कुंकू... नको वाटलं. विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते.

सकाळी अकराला उद्घाटन. ओव्हन दोन तास आधी पेटवलेला. काटा तीनशेवर, ज्वाळा निळ्या. पहिला पिझ्झा आत गेला आणि दहा मिनिटांनी जसाच्या तसा बाहेर आला. चीजसुद्धा वितळलं नव्हतं. दादाने भीतभीत दगडाला बोट लावलं, मग अख्खा हात टेकवला. मीही टेकवला. खाली आग, आणि दगड माठासारखा गार!

मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं. "मॅडम, फॉल्टच नाहीये." पाहुणे चहा पिऊन गेले.

"मावशींना बोलावलेलंस ना?" दादाने विचारलं.

मी स्कूटी काढली.

कोलशेतला दार सुनेने उघडलं. "आईंचे तळहात सकाळपासून भाजतायत. अंगात ताप नाही. डॉक्टरांनाही काही कळेना."

मावशी नवी साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसलेली. मी तिचे हात धरले आणि चटका बसून सोडले. मग पुन्हा धरले.

"चुकलं माझं, मावशी. मी मुद्दाम नाही बोलावलं."

"माहीत हाय मना."

हात माझ्या हातात हळूहळू निवत गेले. तेवढ्यात दादाचा फोन.

"अगं, दगड तापला! आपोआप!"

"चला ना मावशी, आत्ता. कुंकू लावा."

"नको आता, बाय. कुंकू पयल्या पिझ्झाच्या आदी लावायचा. तो गेला ना आत?" तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि कपाटात ठेवून दिली.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "योगायोग." मीही तेच म्हणाले असते... पण ते हात मी धरले होते.

ओव्हन त्यानंतर कधीच बिघडला नाही. जुनं घ्यावं की नवं, असं कोणी विचारलं तर मी अजूनही जुनंच सांगते. दर मंगळवारी पिझ्झा घेऊन कोलशेतला जाते. मावशी हसून बोलते, चहा देते, पिझ्झा नातवंडांना वाटते. स्वतः मात्र अजून एक तुकडाही तोंडात घातलेला नाही.