निळ्या धुळीचा पुरावा

समजा, जिथे टेबलावर बोट फिरवलं तरी काही लागत नाही अशा खोलीत चार माणसं बसली आहेत, आणि धूळ म्हणजे काय असते हे तुम्हाला त्यांना पटवायचं आहे. वेळ आठ मिनिटं. माणसं एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीची. तुम्ही एक वस्तू स्वतःच्या हातांनी करून आणली आहे. ती दाखवायची, चालते हे सिद्ध करायचं, आणि त्यांच्या पुढच्या लॅपटॉपमध्ये ती बसवावी असं त्यांना वाटायला लावायचं. कुठून सुरुवात कराल?

बेलवलीचा जयदेव भोईर त्या खोलीत गेला तेव्हा त्याच्यापाशी या प्रश्नाचं उत्तर होतं. बोलायचंच नाही, बारा स्क्रू काढायचे आणि आतलं दाखवायचं.

बोलणं हा त्याचा प्रांत नव्हताच. अंबरनाथला आयटीआय करून तो उल्हासनगर कॅम्प चारमध्ये हरेशभाईंच्या रिपेअरिंगच्या दुकानात लागला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक काय झालंय ते सांगत असतं तेव्हा जयदेव मान हलवतो, पण ऐकत असतो लॅपटॉपचा पंखा. आईने टाकून दिलेला मिसळणाचा डबा त्याने दुकानात आणून ठेवलाय. मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांत आता स्क्रू असतात, एका वाटीत एका मॉडेलचे. शेवटचा स्क्रू बसला की लॅपटॉप कानाशी धरून तो मिनिटभर उभा राहतो. नवीन गिऱ्हाइकांना हसू येतं. जुनी गिऱ्हाइकं गप्प बसतात.

जवळच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सचे कारखाने. तिथलं कापड कापताना, शिवताना निळं सूत हवेत उडतं आणि सगळ्यांवर बसतं. देवाच्या फोटोवर, चहाच्या पेल्यावर, कारागिरांच्या भुवयांवर. कारखानदारांच्या टेबलावरचे लॅपटॉप तेच सूत पंख्यातून आत ओढतात. पंख्यासमोर गरम हवा बाहेर जायला बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिथे ते अडकतं आणि तीन-चार महिन्यांत त्याचा निळा नमदा, दाबून बसलेला जाड थर, तयार होतो. लॅपटॉप तापतो, मधेच बंद पडतो, एक दिवस बोर्ड जळतो. सर्व्हिस सेंटरवाले आत बघतात आणि 'धूळ आहे, वॉरंटी नाही' म्हणून परत पाठवतात. मग तो येतो जयदेवकडे. बारा स्क्रू, पाठ काढा, पंखा सोडवा, नमदा उपसा. एकोणीस वर्षं तो हेच उपसत होता, आणि दर वेळी मनात म्हणत होता की ज्याने हे बनवलं त्याला कोणी सांगत कसं नाही.

उपाय सापडला तो भूपेशच्या कारखान्यात. भूपेश म्हणजे कॅम्प पाचमधलं त्याचं जुनं गिऱ्हाईक. जयदेव लॅपटॉप द्यायला गेला होता. जेवणाची सुट्टी होत होती. ओव्हरलॉक मशीनवरच्या कारागिराने उठण्याआधी मशीनचं पुढचं झाकण उघडलं, ब्रशने सूत झाडलं, झाकण लावलं आणि तो डबा घेऊन निघाला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"हे रोज करतात?" जयदेवने विचारलं.

"दिवसातून दोनदा," भूपेश म्हणाला. "नाही केलं तर मशीन बसेल ना. तू काय बघतोस, मशीन पहिल्यांदा बघितलीस?"

जयदेव झाकणाकडे बघत होता. पन्नास वर्षं जुन्या बनावटीच्या शिलाई मशीनला झाकण आहे, आणि लॅपटॉपला नाही.

लॅपटॉपलाही तसाच सहज उघडणारा, सूत अडवणारा खण करायचा तर त्याला चार वेळा करून बघावं लागलं. पहिला खण वितळला, दुसरा खडखडला, तिसऱ्याने हवाच कोंडली. चौथा जमला. पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये बसणारा, चहाच्या गाळणीची जाळी लावलेला पातळ खण, मोबाईलमधल्या सिमकार्डच्या खणासारखा बाजूने बाहेर येणारा. ओढा, झटका, परत सारा. स्क्रू एकही नाही.

त्याच सुमारास त्या कंपनीची जाहिरात आली. सामान्य वापरणाऱ्यांनी नव्या कल्पना घेऊन याव्यात, निवडलेली कल्पना पुढच्या मॉडेलमध्ये घेतली जाईल. जयदेवने फॉर्म भरला. नियम एकच ठळक अक्षरांत होता, फोटो नको, चालती वस्तू आणा. म्हणून त्याने भूपेशच्या एकाच टेबलावर एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप ठेवले. एकाला खण, दुसरा कंपनीतून आला तसा. तीन महिने दोन्ही सारखेच चालवायचे. खणवाल्याचा खण दर शनिवारी झटकायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी साधा लॅपटॉप चौऱ्याण्णव डिग्रीवर बंद पडू लागला. खणवाला एकाहत्तरच्या वर गेला नाही.

पहिल्या बारा जणांत त्याचं नाव आलं तेव्हा हरेशभाईंनी आख्ख्या गल्लीला मिठाई वाटली. "साईं, आपला जयदेव कंपनीला शिकवायला चालला," असं ते ज्याला-त्याला सांगत होते.

आता हरेशभाईंविषयी थोडं सांगायला हवं. त्यांच्या दुकानातून कुठलीही वस्तू मळकी बाहेर पडत नाही. जुना लॅपटॉप असो, पंखा असो, नुसता चार्जर असो, ब्लोअर मारायचा, पुसायचा, घासून चमकवायचा, वर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून चढवायची आणि दुकानाचा सोनेरी स्टिकर लावायचा. वापरलेली वस्तू वापरलेली दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. त्यांचे वडील याच गल्लीत जुनी घड्याळं नवीन करून विकत, त्यांचीही हीच रीत.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी जयदेव दोन्ही लॅपटॉप दुकानात घेऊन आला. साधा त्याने मुद्दाम उघडला नव्हता. तो त्या लोकांसमोरच उघडायचा होता. आईने नवीन शर्ट शिवायला टाकला होता, तो आणायला त्याला लवकर निघायचं होतं.

"हरेशभाई, हे दोन सकाळी न्यायचेत. तुमच्याकडे सांभाळून ठेवा."

"तू जा रे. शर्ट आण, केस काप. हे माझ्यावर सोड."

सकाळी हरेशभाईंनी स्वतःची गाडी काढली. मागच्या सीटवर फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा होता. "तिथेच उघड," ते म्हणाले, "रस्त्यात नको. धक्का लागेल." जयदेवने गठ्ठा मांडीवर घेतला आणि ऐरोलीला कंपनीच्या दारापर्यंत मनातल्या मनात स्क्रू मोजत राहिला.

खोलीत चार माणसं होती. मधोमध हिमानी मॅडम, त्या सगळ्यांच्या वरच्या. कडेला विनीत नावाचा तरुण इंजिनियर, त्याच्यापुढे घड्याळ.

"जयदेवजी, सुरू करा," हिमानी मॅडम म्हणाल्या.

"मी फार बोलणार नाही," जयदेव म्हणाला. "हे दोन लॅपटॉप तीन महिने एका टेबलावर होते, जीन्सच्या कारखान्यात. एकात मी बनवलेला खण आहे, एकात नाही. दोन्ही तुमच्यासमोर उघडतो. आधी बिनखणाचा."

त्याने गुंडाळी सोडली. आतून जे बाहेर आलं ते बघून त्याचे हात थांबले. झाकणावर फिल्म ताणलेली, तिच्यावर सोनेरी स्टिकर. कीबोर्डच्या बटणांवरची झिजलेली अक्षरं नव्याने उमटली होती, कारण कीबोर्डच नवा होता. कोपऱ्यात भूपेशच्या चहाचा डाग होता, तोही गेला होता. तरीही एक आशा होती. बाहेरून पुसलं असेल, आत कोण कशाला जातंय. त्याने स्क्रू काढायला घेतले. चौथ्या स्क्रूलाच त्याला कळलं. स्क्रू नवे होते.

पाठ निघाली. पट्ट्यांची जाळी आरशासारखी चकचकत होती. सुताचा एक धागा नव्हता. त्याने दुसरा लॅपटॉप उघडला, खण ओढला. जाळी धुतलेली, वास थिनरचा.

"हे नवीन युनिट आहेत का?" विनीतने विचारलं.

"नाही. तीन महिने वापरलेत."

"दिसत नाही तसं."

"कोणीतरी साफ केले."

"कोणी?"

जयदेवला हरेशभाईंचं नाव घेववेना. "दुकानात," एवढंच तो म्हणाला.

"फिनिशिंग मात्र सुंदर आहे," चौथ्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले. ते खरोखर कौतुकाने बोलत होते, आणि त्याचाच जयदेवला सगळ्यात जास्त त्रास झाला.

त्याने मोबाईल काढला. भूपेशच्या दुसऱ्या एका मशीनमधून मागच्या वर्षी उपसलेल्या नमद्याचा फोटो होता. विनीतने तो मोठा करून पाहिला. "हे काय आहे? गोधडी?"

"तुमच्या लॅपटॉपमधून निघालंय."

"फोटोवरून मॉडेल कळत नाही. म्हणूनच आम्ही वस्तू आणा म्हटलं होतं." मग त्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "असा त्रास किती लोकांना होत असेल? काही आकडा?"

"आमच्या गल्लीत रोज तीन-चार येतात."

"ती एक गल्ली झाली. जीन्सचे कारखाने सगळीकडे नसतात ना."

जयदेवला सांगायचं होतं की पिठाच्या गिरण्या सगळीकडे असतात. गाद्या भरणारे, लाकूड कापणारे, रस्त्याच्या कडेला दुकान मांडणारे, सगळे असतात, आणि सगळ्यांकडे लॅपटॉप असतो. हे त्याला नीट ओळीने सांगता आलं असतं, दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर. इथे तोंडातून नुसतं "असतात सर" एवढंच निघालं. काय असतात ते विनीतला कळलं नाही. घड्याळ वाजलं.

खाली हरेशभाई गाडीला टेकून उभे होते. "काय म्हणाले? माल बघून थक्क झाले ना?"

जयदेव गाडीत बसला. मग म्हणाला, "तुम्ही आतून का साफ केलंत?"

"म्हणजे? इतक्या मोठ्या कंपनीत चाललास, घाणेरडा माल घेऊन? सात वर्षांनी हातात स्क्रूड्रायव्हर घेतला मी. डोळ्यांना दिसत नाही, दोन चष्मे बदलले. काय कचरा होता रे आत, एवढा बोळा निघाला." त्यांनी मूठ करून दाखवली.

"कुठाय तो?"

"कोण?"

"बोळा."

"कचऱ्यात. सकाळी गाडी घेऊन गेली." हरेशभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. "तोच दाखवायचा होता?"

"तोच."

गाडी कल्याण फाट्याच्या पुढे गेली. मग हरेशभाई समोर बघत म्हणाले, "सांगायचंस ना, यार. मला वाटलं, तुझी इज्जत." यावर चिडायचं कसं ते जयदेवला सुचेना. पण चिडायचं होतं, चांगलंच चिडायचं होतं.

घरी आई, ठमाबाई, वाटच बघत होती. तिला सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्यानी धुल पुसली, त्यात त्याचा काय चुकला? धुल लपवाचीच आसते. तुला जेवाला तरी दिला कं त्यांनी?"

"चहा दिला."

"आन् बिस्कुट?"

"आई."

"इचारते फक्त."

नऊ दिवसांनी मेल आली. आपला सहभाग मोलाचा होता, परंतु ही समस्या व्यापक असल्याचा पुरावा मिळाला नाही. जयदेवने ती दोनदा वाचली आणि मोबाईल उलटा करून ठेवला. हरेशभाईंनी मेल आली त्याच दिवसापासून एक नवीन नियम केला. कुठलाही लॅपटॉप उघडला की निघालेला बोळा पिशवीत घालायचा, वर तारीख आणि मॉडेल लिहायचं. त्यांच्या काउंटरखाली निळ्या बोळ्यांच्या पिशव्या साठू लागल्या. कोणी विचारलं तर ते म्हणत, "सॅम्पल आहे, कंपनीला पाठवायचंय." कंपनीने नाही म्हटलंय हे त्यांना माहीत होतं.

मग एका सोमवारी एक गिऱ्हाईक आलं. त्याच कंपनीचा लॅपटॉप, आठ महिन्यांचा. सर्व्हिस सेंटरने परत पाठवलेला. सोबत त्यांचा छापील कागद. असे कागद जयदेवने शेकडो पाहिले होते, बाजूला सारले होते. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा वाचला. 'वॉरंटी नाकारण्याचं कारण' या ओळीखाली पाच चौकोन छापलेले होते. पाणी. पडझड. बाहेर उघडलेला. चुकीचा चार्जर. आणि पाचवा, 'आत धूळ किंवा तंतू'. त्या चौकोनात बरोबरची खूण होती.

तो कागद त्याने दिव्याखाली धरला. खूण पेनाने केलेली होती, पण चौकोन आधीपासून छापलेला होता. कंपनीने देशभरासाठी एकच फॉर्म काढलाय आणि त्यात सुतासाठी जागा ठेवलीय. जी गोष्ट एका गल्लीत होते तिच्यासाठी कोणी चौकोन छापत नाही.

"हरेशभाई," तो म्हणाला, "आकडा त्यांच्याकडेच आहे."

"कसला आकडा?"

जयदेवने कागद त्यांच्यापुढे ठेवला. हरेशभाईंनी चष्मा बदलून तो वाचला, परत वाचला, आणि पहिल्यांदाच एक कागद न पुसता, न गुळगुळीत करता तसाच खिळ्याला लावून ठेवला.

जयदेवने मेल लिहायला घेतली. त्याला तीन दिवस लागले. पाठवली तेव्हा उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याने पुन्हा पाठवली. तेच उत्तर, शब्दन् शब्द तोच. आता तो दर सोमवारी दुकान उघडल्यावर पहिलं काम ते करतो, मग मिसळणाचा डबा उघडतो. खणाचं त्यात काही लिहिलेलं नसतं. माझं नाव द्या, पुन्हा बोलवा, असंही काही नसतं. दोन-तीन ओळींची मेल आहे, आणि तिच्यात विचारलेलं एवढंच आहे: आपल्या फॉर्मवरच्या पाचव्या चौकोनात गेल्या एका वर्षात एकूण किती वेळा खूण झाली?